प्रवचन थांबतं तिथे

मंदा गेली त्याला सात आठवडे झाले, आणि तिच्याबद्दल भर सभेत मी खोटं बोलले त्याला सहा. पहिल्या गोष्टीचं दुःख आहे. त्याचं काय करायचं ते हळूहळू कळेल, निदान लोक तसं म्हणतात. दुसऱ्या गोष्टीनं मात्र मला एका जागी बसू दिलेलं नाही. डिशवॉशर लावताना, गाडी चालवताना, ऑफिसात कोणी स्लाइड दाखवत असताना माझं ते वाक्य मध्येच डोकं वर काढतं आणि मी उठून उगाच पाणी प्यायला जाते. श्रद्धांजली एकदा वाहून झाली आहे. हे तिचं शुद्धिपत्रक समजा.

बातमी आली तेव्हा मी कामावर होते, घरूनच, ऑनलाइन मीटिंगमध्ये. मंगळवार, दुपारचे बारा वाजून गेलेले. मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या लोकांची प्रमुख आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चूक शोधायची आणि ती त्यांना गोड शब्दांत सांगायची, हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा. त्या दिवशीही मी तेच करत होते. फोनवर मंदाच्या मुलीचा, सईचा मेसेज आला… आई गेली, अकरा चाळीसला. तो वाचून झाल्यावरही मी माझं वाक्य पूर्ण केलं. ‘ही चूक दुरुस्त झाल्याशिवाय आज काही बाहेर जाणार नाही,’ असं म्हणाले, दोघांच्या शंकांना उत्तरं दिली, मग कॅमेरा बंद केला. रडू लगेच आलं नाही. टेबल आवरलं, पेनं एका बाजूला ठेवली, खिडकीबाहेर शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ खरवडत होता त्याच्याकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला एका कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळाच्या लोकांनी शोकसभा ठेवली. साठेक माणसं आली असतील. मंदाचे जुने विद्यार्थी, शेजारी, आमच्या ओळखीचा सगळा गोतावळा. माझ्याआधी तिघं बोलले. शेवटपर्यंत ती कशी लढली, कशी हसतमुख होती, देव चांगल्या माणसांचीच कशी परीक्षा बघतो. मी काहीच लिहून नेलं नव्हतं. माझं नाव पुकारलं, मी उठले, समोर साठ ओले चेहरे, आणि त्यांना काहीतरी हवं होतं. मी ते दिलं. म्हणाले, ‘शेवटच्या भेटीत मंदानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, शुभा, मी तृप्त आहे. माझ्यामागे कोणी रडू नका.’ पुढच्या रांगेत कोणी डोळ्यांना रुमाल लावला. मग नाकं ओढल्याचे आवाज. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार बरं वाटलं. लोकांनी येऊन मिठ्या मारल्या. कोणीतरी ते रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते मंडळाच्या ग्रुपवर आलं, तिथून नागपूरला गेलं, आणि तिच्या भावानं, अरुणदादांनी, तेरवीच्या कार्डावर फोटोच्या खाली ते छापलं. अवतरणचिन्हांत.

मंदा असं काहीही म्हणाली नव्हती.

सभा संपल्यावर पार्किंगमध्ये सई माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. ती एकतीस वर्षांची आहे, लांब दुसऱ्या राज्यात, अर्विंगला फिजिओथेरपिस्ट आहे, आणि डोळ्याला डोळा भिडवून बोलण्यात थेट आईवर गेली आहे. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘दॅट वॉज अ सरमन.’ मी म्हटलं, अगं, लोकांना धीर द्यायला काहीतरी बोलावं लागतं. ‘बट डिड शी रिअली से दॅट?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली, ‘ओके’ म्हणाली आणि जाऊन बाबांच्या गाडीत बसली. हॉलमधलं खोटं साठ जणांसाठी होतं. हे मात्र एकट्या तिच्यासाठी होतं आणि ते मी तिच्या तोंडावर फेकलं.

आता ‘सरमन’, म्हणजे प्रवचन, हा शब्द मला इतका का झोंबला, हे सांगायला मागे ॲन आर्बरला जावं लागेल. तीस वर्षांपूर्वी आम्हा दोघींचे नवरे तिथल्या विद्यापीठात शिकत होते आणि आम्ही दोघी विवाहितांच्या वसाहतीत, समोरासमोरच्या दारांमागे, नवऱ्यांच्या व्हिसावरच्या डिपेंडंट होतो. मी पुण्याची, ती नागपूरची. मी दिवसभर नोकरीच्या जाहिराती बघत असे. ती सहा महिन्यांच्या सईला घेऊन फिरत असे, कारण त्यांच्या घरातलं हीटिंग जेमतेम चालायचं आणि बस फुकट होती. बसमधून उतरलं की समोर एक जुनी उबदार इमारत. एका दुपारी ती बाळाला घेऊन तिथल्या मोठ्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली, केवळ ऊब म्हणून. व्यासपीठावर लोकरी टोपी घातलेल्या एक वयस्कर प्राध्यापक बाई या देशातलं सगळ्यात जुनं इंग्रजी लेखन शिकवत होत्या. इथे येऊन वसलेल्या पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची प्रवचनं, रोजनिशा, कबुलीजबाब. बाळ झोपलं होतं. मंदा तास संपेपर्यंत ऐकत राहिली, पुढच्या तासालाही गेली. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी तिला विचारलं की तू नाव का नोंदवत नाहीस. नागपूरला तिनं इंग्रजीत बी.ए. केलं होतं, तेवढं भांडवल. पुढे एम.ए. झालं, नवऱ्याच्या नोकरीबरोबर शिकागोच्या या उपनगरात आल्यावर पीएच.डी. झाली, त्याला नऊ वर्षं लागली, आणि मग ती इथल्याच दोन कॉलेजांमध्ये शिकवत राहिली. आमच्या सगळ्या कंपूत जो तो संगणकावर पोट भरणारा. मंदा काय करते असं कोणी विचारलं की श्रीकांत, तिचा नवरा, गोंधळून म्हणायचा, ‘ती ना… जुनं वाचते.’

मला तेव्हा तिचं हे खूळच वाटायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे कर्मठ लोक, सारखे नरकाच्या गोष्टी करणारे, त्यांच्याशी आपला काय संबंध? मी असं म्हटलं की ती हसायची. ‘काहून गं, तुला काय वाटते, तू वेगळी आहेस?’ नेपरव्हिलला आम्ही पुन्हा जवळ राहायला आलो तेव्हा तिनं मला शनिवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात बसवून वाचायला लावलं. सुरुवातीला मी कंटाळून भराभर पानं उलटायची. ‘तू वाचून राहिली की पानं मोजून राहिली?’ ती विचारायची. मग तिनं मला तिची युक्ती दाखवली, आणि मी अडकले ती अडकलेच. कारण युक्ती म्हणजे चूक शोधणंच होतं, माझाच धंदा.

तिचा जीव होता तो कैदेच्या हकीकतींवर. वसाहतीवर छापा पडतो, एखादी बाई मूळच्या रहिवाशांच्या हाती सापडते, हिवाळाभर त्यांच्याबरोबर जंगलातून फिरते, सुटून परत येते आणि जे झालं ते लिहिते. पण बाईनं लिहायचं आणि छापायचं म्हणजे त्याला कारण लागे, आणि कारण एकच चाले: देवाची करणी लोकांना कळावी. पुढे एखाद्या धर्मोपदेशकाची प्रस्तावना असे. त्यामुळे साचा ठरलेला. काहीतरी घडतं, लगेच त्यावर पवित्र ग्रंथातलं वचन येतं, वचनातून धडा निघतो. पुन्हा काहीतरी घडतं, पुन्हा वचन, पुन्हा धडा. ‘हे सगळं खोटं नाही हं,’ मंदा सांगायची, ‘तिचा विश्वास होताच. पण तू धडा सोड न. धड्याच्या मधलं वाच.’ एका हकीकतीत त्या बाईला एक घोंगडी मिळते, आणि दुसऱ्या बाजूची एक बाई ती अंगाभोवती गुंडाळून कशी बांधायची, ते तिला शिकवते. पुढच्या दोन ओळी निव्वळ त्या गाठीबद्दल आहेत. कोणतं टोक वर, कोणतं आत, म्हणजे चालताना सुटत नाही. देव नाही, सैतान नाही, धडा नाही. मंदानं समासात पेन्सिलीनं बारीक गोल काढला आणि म्हणाली, ‘इथे प्रवचन थांबलं. बघ, आता बाई आली.’

आणि लगेच दुसरं बोट ठेवलं. गाठ शिकवणारी ती बाई कोण? तिचं नाव काय? तो हिवाळा तिच्या माणसांनी कसा काढला, तिच्या गावाचं काय झालं? लिहिणारीनं विचारलंच नाही. शंभर पानांत त्या लोकांना ती रानटी म्हणते आणि एका पानावर त्यांच्यातली एक तिला थंडीत मरू देत नाही. ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून ती पुढे निघून जाते. मंदा म्हणायची की एखाद्याचं नाव न घेणं हीसुद्धा लिहिण्याची एक रीत असते, आणि या देशाचं पहिलं साहित्य त्या रीतीवर उभं आहे. हे ती वर्गातही सांगायची. काही पालकांना ते आवडायचं नाही. एका मुलाच्या घरून तिच्याविरुद्ध एकदा तक्रारही गेली होती. ती त्या मुलाला बोलावून म्हणाली होती की मला काही सिद्ध करायचं नाही, तू फक्त गाठीचं पान मोठ्यानं वाच.

मंदामुळे मला आमच्याच लोकांमध्ये ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची माणसं दिसायला लागली, हे आणखी एक. गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू होतं. आम्ही आलो तेव्हा कसे दिवस काढले, किती सोसलं, आणि आता ही पुढची पिढी, भाषा नाही, संस्कार नाहीत, अजून वेळ गेलेली नाही, परत फिरा. मंदानं मला कोपरानं ढोसलं. ‘बाप्पा! हुबेहूब.’ म्हणजे पहिल्या वसाहतवाल्यांची मुलं मोठी झाली तेव्हा तिथले उपदेशक नेमकं हेच भाषण याच क्रमानं करत. बापांचा पराक्रम, मुलांची घसरण, येणारं संकट, परत फिरायची हाक. त्यांच्या साहित्याचा हा एक अख्खा प्रकार आहे. ‘आणि मुलं,’ ती कुजबुजली, ‘तेव्हापण मागे बसून हसतच असतील.’ मागे सई आणि तिच्या मैत्रिणी खरोखरच हसत होत्या. दुसरा प्रकार कबुलीचा. चर्चचं सभासद व्हायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून आपल्यावर देवाची कृपा कशी झाली ते सांगावं लागे. आधी पाप, मग भीती, मग खोटा दिलासा, मग शंका, मग थोडी आशा. फार खात्रीनं सांगितलं तर गर्व ठरे, फार शंका सांगितल्या तर प्रवेश नाही. लोक एकमेकांचं ऐकून तयारी करत. मंदा म्हणायची की ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू दिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खरंच सांगायचं असतं, पण त्यांना हवं त्या क्रमानं.

तिचं एक म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं. ते लोक साध्या शैलीचा फार अभिमान बाळगत. अलंकार नकोत, विद्वत्ता मिरवायला नको, शेतकऱ्याला कळेल असं बोला. मला ते फारच आवडलं. पुणेकर असूनही, असं मंदा म्हणाली. पण ती पुढे म्हणाली, ‘साधं म्हणजे खरं नाही न, शुभा. खोटं साध्या वाक्यातच जास्त चांगलं लपते. कोणी शंका घेत नाही.’ मी वाद घातला होता. मी तृप्त आहे, माझ्यामागे कोणी रडू नका. बघा, किती साधं वाक्य आहे.

दीड वर्षापूर्वी तिला आजार निघाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, नाव घेतल्यावर पुढचं डॉक्टरांना फारसं सांगावंच लागलं नाही. मग लोक यायला लागले आणि प्रत्येक जण धडा घेऊन आला. त्या जुन्या रोजनिशांमध्ये वासरू मेलं, कोठाराला आग लागली, पोराला ताप आला, की लिहिणारा लगेच शोधायला बसतो, देवानं हे कशासाठी पाठवलं? मंदानं प्रबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. आता ती स्वतः ते वासरू झाली होती. कोणी म्हणे, यातून तू अधिक कणखर होशील. कोणी म्हणे, मागच्या जन्मीचं काही असेल. कोणी सकारात्मक विचारांची पुस्तकं आणून दिली. ती सगळ्यांना सरबत देई आणि गेल्यावर मला फोन करून अध्यक्षांच्या आवाजात नक्कल करी. मी खूप हसायची. मी त्या लोकांतली नाही, असं मला पक्कं वाटत होतं.

शेवटची भेट तिच्या जाण्याआधी अकरा दिवस झाली. उपचार थांबवले होते, घरीच एक नर्स येऊन जायची. पुढच्या खोलीत भाड्यानं आणलेली हॉस्पिटलची कॉट लावली होती. मी दुपारी गेले, गाडीतून उतरताना कण्हले, आत येऊन सवयीनं म्हटलं, ‘या थंडीत माझा गुडघा मला जगू देणार नाही.’ मंदा छताकडे बघत होती. काही वेळानं म्हणाली, ‘मला तुझा राग येतो, शुभा.’ मी विचारलं, कशाचा? ‘तुझ्या गुडघ्याचा. तो अजून वीस वर्षं दुखणार आहे. मला पाहिजे तो. मला तसा दुखरा गुडघा पाहिजे.’ आवाज बारीक झाला होता, पण तिचाच होता. ‘मला नाही जायचं. मी तयारबियार काही नाही. सगळे येऊन मला तयार करून राहिले.’

इथे मी थांबायला हवं होतं. इतकी वर्षं जिनं मला हेच शिकवलं, ती माझ्यासमोर धड्याशिवाय बोलत होती. आणि मी काय केलं? मी तिचा हात धरला, तिनं माझा नाही, आणि म्हटलं, ‘असं बोलू नये गं. शांत हो. किती सुंदर आयुष्य जगलीस, सई किती छान निघाली, समाधान मान.’ मंदानं हात काढून घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जसं ती धर्मोपदेशकाची एखादी प्रस्तावना वाचताना बघायची. ‘तू पण,’ ती म्हणाली. मग डोळे मिटून, ‘तू जा आता.’ मी दहा मिनिटं बसून राहिले. मी रस्त्यावर गर्दी होईल असं श्रीकांतला काहीतरी सांगून निघाले. परत जाणार होतेच. एकदा बर्फ पडला, एकदा ऑफिसात अडकले, एकदा गाडी तिच्या गल्लीपर्यंत नेऊन वळवली… खरं कारण एकच होतं, मला लाज वाटत होती. मग मंगळवार आला.

म्हणजे हॉलमध्ये मी जे बोलले ते लोकांच्या धीरासाठी नव्हतं. ती मला ‘तू पण’ म्हणाली होती, ते मला पुसायचं होतं. तिच्या तोंडी मी माझीच सुटका घातली आणि वर अवतरणचिन्हं मिळवली.

तरीही मी गप्प राहिले असते, हेही लिहून टाकते. पण सभेनंतर तीन आठवड्यांनी अर्विंगहून सईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, ‘मावशी, आय कीप थिंकिंग. तुला ती म्हणाली, आय ॲम कंटेंट. शेवटच्या वीकमध्ये मी तिथेच होते, रोज. मला म्हणाली, जस्ट गो, सई, मला तुझा चेहरा नको. तिच्याकडे पीस ऑफ माइंड होता ना? मग तो मला का नाही दिला? व्हॉट डिड आय डू?’ एका वाक्यानं मी मंदाकडून तिचा राग काढून घेतला होता, आणि तो सगळाच्या सगळा एकट्या सईच्या वाट्याला टाकला होता. आई सगळ्यांशी गोड बोलून गेली आणि मुलीला तेवढं हाकललं, असं ते पोर तीन आठवडे मनात घेऊन लोकांचे खांदे आणि कंबरा सरळ करत होतं. मी फोनवर म्हटलं, ‘तू येशील तेव्हा बोलू.’ अजूनही धीर झाला नाही. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी कपाटं आवरली, बिनकामाची भांडी घासली, ऑफिसात दोन चांगल्या माणसांवर ओरडले.

मग मागच्या शनिवारी सई आईची पुस्तकं आवरायला आली. मी सकाळीच गेले. पुढच्या खोलीत ती जमिनीवर बसून खोकी भरत होती. कॉट नेणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी नेली होती. तिच्या चार पायांचे चार खळगे कार्पेटमध्ये राहिले होते. मी कोटही न काढता म्हटलं, ‘सई, ती तसं म्हणाली नव्हती. मी बनवलं.’ तिनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. ‘व्हॉट डिड शी से?’ मी सगळं सांगितलं, गुडघ्यापासून. ‘तू पण’ सांगितलं, ‘तू जा आता’ सांगितलं, गल्लीतून वळवलेली गाडी सांगितली. सई म्हणाली, ‘से इट अगेन.’ मी पुन्हा सांगितलं. ती आधी हसली, ‘युअर नी? शी वॉज जेलस ऑफ युअर नी?’ आणि हसतानाच तिचा चेहरा मोडला. ‘सो इट वॉजन्ट जस्ट मी,’ ती म्हणाली. मी म्हटलं, नाही गं. मग तिनं डोळे पुसले आणि वेगळ्या आवाजात म्हणाली, ‘यू लेट मी थिंक दॅट फॉर फाइव्ह वीक्स.’ मी म्हटलं, हो. पुढे काहीही म्हटलं असतं तर ते प्रवचनच झालं असतं.

मी विचारलं की नागपूरला कळवू का, त्या कार्डाचं. तिनं खांदे उडवले. मी तिथूनच अरुणदादांना फोन लावला, तिकडे ते जेवून बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘मला वाटलंच होतं न, शुभाताई,’ ते म्हणाले. ‘मंदी असं बोलणारच नाही. लहानपणी ताप आला तर घर डोक्यावर घेत होती ती. पण कार्डावर काहीतरी लागते न.’ सईला स्पीकरवर ते ऐकू गेलं आणि ती पुन्हा हसली. मी तिला सांगितलं की मी हे सगळं लिहिणार आहे, मराठीत, छापायला. ती म्हणाली, ‘लिही. बट डोन्ट मेक हर नाइस.’

मग ती खोकी बाजूला सरकवून त्या चार खळग्यांच्या मध्ये आडवी झाली, कार्पेटवर, आई झोपायची तशी छताकडे तोंड करून. मी कडेला बसले. आई काय काय बोलली ते ती एकेक सांगायला लागली. सूप बेचव केलंस. केस कधी विंचरतेस का. ती नर्स माझ्याशी बाळासारखं बोलते, तिला घालव. मला तुझा चेहरा नको, तो माझ्यासारखा आहे आणि तो इथेच राहणार आहे. हे शेवटचं सांगताना तिला कळलं की या वाक्याचा अर्धा भागच ती इतके दिवस धरून बसली होती. दारात श्रीकांत उभा होता, कधीपासून कोण जाणे. तीस वर्षांच्या ओळखीत मी त्याच्या तोंडून मंदाबद्दल सलग तीन वाक्यं ऐकलेली नाहीत. तो म्हणाला, ‘मला म्हणाली होती, तुम्ही सगळे बरे व्हाल. थोडे दिवस लागतील, पण व्हाल. त्याचाच मला राग येतो, असं म्हणाली.’

सईनं आडव्यानंच शेजारी कार्पेटवर हात थोपटला. ‘बाबा, बस.’ तो खळगा चुकवून खाली बसला. त्या खोलीत तो दर रविवारी व्हॅक्यूम फिरवतो, तेवढी जागा सोडून. सई म्हणते की कार्पेट आपोआप वर येतं, काही महिने लागतात. परवा मी गेले होते. श्रीकांत आत होता तेव्हा वाकून बोटांनी चाचपून बघितलं… चारही खळगे अजून आहेत.